चूल हलली तेव्हा: रत्नागिरी-सिंधुदुर्गची घटलेली लोकसंख्या

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत बावीस घरं आहेत. त्यांतल्या अकरा घरांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असतात आणि तो जुडगा माझ्या काकीच्या पडवीतल्या खुंटीला लटकतो. कुठली किल्ली कुठल्या घराची, हे ओळखायला तिने प्रत्येकीला दोरा बांधलाय. लाल दोरा वरच्या घराचा, हिरवा विहिरीकडच्या घराचा, काळा त्या घराचा जिथे आता कुणी येतच नाही. शिमग्याआधी आणि गणपतीआधी आठवडाभर ती एकेक घर उघडते, जळमटं काढते, अंगण झाडते. एरवी जुडगा खुंटीवर.

हे लिहिण्यामागे तो जुडगा आहे आणि जनगणनेतला एक तक्ता आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ १६ टक्के वाढ. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला, पुणे ३० टक्क्यांनी. त्याच तक्त्यात तीन जिल्ह्यांपुढे मात्र उणे चिन्ह होतं. मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ मध्ये १६,९६,७७७ माणसं होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. दोन्ही जिल्हे मिळून लाखभर माणूस कमी. साथ नाही, दुष्काळ नाही, लढाई नाही, आणि तरी लाखभर माणूस कमी.

याची दोन उत्तरं तयार असतात. एक, कोकणी माणूस शिकलेला, त्याला मुलं कमी. दुसरं, कोकणात रोजगार नाही, माणसं मुंबईला जातात. दोन्ही खरी आहेत, पण दोन्हींनी कोडं सुटत नाही. कोकणातला माणूस काही २००१ नंतर मुंबईला जायला लागला नाही. दीडशे वर्षं तो जातोच आहे. आणि तो जात असतानाही गावची लोकसंख्या वाढतच होती. १९९१ ते २००१ या दहा वर्षांतसुद्धा रत्नागिरी जवळजवळ १० टक्क्यांनी वाढली होती, सिंधुदुर्ग साडेचार टक्क्यांच्या आसपास. मग पुढच्या दहा वर्षांत असं काय झालं की वाढीचं घटीत रूपांतर झालं?

एखाद्या प्रदेशाची लोकसंख्या चारच गोष्टींनी हलते: किती जन्मले, किती मेले, किती आले, किती गेले. शाळेच्या पुस्तकात हे चार मुद्दे वेगवेगळे शिकवतात. कोकणात मला दिसलं ते असं की ते एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्या गुंत्याची गाठ घराच्या चुलीपाशी असते.

चार पिढ्या

पणजीपासून सुरुवात करतो, कारण तिची बाळंतपणं आमच्या घरात अजून मोजली जातात. नऊ मुलं झाली, चार वाढली. एक मानमोडीत गेलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. त्या साथीने आणि तिच्या आगेमागे आलेल्या प्लेग-पटकीने देशाचं काय केलं ते जनगणनेत स्पष्ट दिसतं. १९११ मध्ये भारताची लोकसंख्या २५ कोटी २१ लाख होती, १९२१ मध्ये ती २५ कोटी १३ लाख भरली. देशाच्या जनगणनेच्या इतिहासात घट झालेलं दशक तेवढंच. तेव्हा जन्म भरपूर होते, पण मृत्यू ते गिळून टाकत. लोकसंख्या वाढायला लागली ती १९२१ नंतर, आणि ती मुलं जास्त व्हायला लागली म्हणून नव्हे, तर झालेली मुलं जगायला लागली म्हणून. लोकसंख्यावाढीबद्दल बोलताना हे हटकून विसरलं जातं. वाढीचं पहिलं कारण मृत्यूची माघार हे आहे.

आजीला सहा झाली, पाच जगली. आजोबा लालबागच्या गिरणीत. गावकीची एक खोली होती, तिच्यात वीस-बावीस बाप्ये राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. त्या खोलीत बायको आणायची म्हटली तर ठेवायची कुठे? म्हणून आजी गावी. भात लावायची, नाचणी करायची, गुरं राखायची, सासू-सासऱ्यांचं करायची आणि पोस्टमनची वाट बघायची. मनिऑर्डरीवर चालणारा प्रदेश अशी कोकणाची ओळख पुढे पुस्तकांतही गेली.

आजोबा वर्षातून दोनदा यायचे. आजी सांगायची, आमच्या घरात शिमग्याची पोरं आणि गणपतीची पोरं अशा दोनच जाती. हिशेब तिचा पक्का होता. नवरा वर्षातले अकरा महिने लांब असला की दोन मुलांमधलं अंतर आपोआप वाढतं, कुणी काही साधन न वापरता. कोकणातल्या कितीतरी घरांत कुटुंबनियोजनाचं पहिलं साधन म्हणजे मुंबई-गाव हे अंतरच होतं.

तरीही मुलं झाली ती गावात. वाढली ती गावात. शाळेच्या पटावर, रेशनकार्डावर, जनगणनेच्या कागदावर, सगळीकडे ती रत्नागिरी जिल्ह्याची. गेला तो एक पुरुष, आणि त्याच्या मागे सहा जणांचं घर हललं नाही.

वडिलांच्या वेळी हे बदललं. वडील दहावी झाले, टंकलेखन शिकले, डोंबिवलीच्या एका कारखान्यात लागले. लग्नानंतर तीन वर्षं आई गावी राहिली. मग १९८७ च्या मे महिन्यात वडिलांनी भाड्याने एक खोली घेतली आणि आईला न्यायला आले. आईने ती सकाळ मला पुष्कळदा सांगितलीय. आजीने कुळथाची पिठी, आमसुलं, उकडा तांदूळ आणि एक छोटा पाटा-वरवंटा पोत्यात बांधून दिला. एसटीच्या टपावर पोतं चढवताना वडील म्हणाले, "आये, वरवंटा कशाला? तिकडे मिक्सर असतो." आजी म्हणाली, "असूदे. चूल मांडायची तर पाटा लागतो."

माझा जन्म त्यानंतरचा. मी मोजला गेलो ठाणे जिल्ह्यात.

हे घर-घरचं सांगतोय कारण त्या तक्त्यातलं उणे चिन्ह याच सकाळीतून आलेलं आहे. पुरुष गेला तर जिल्ह्यातून एक माणूस वजा होतो. चूल गेली तर तिच्याबरोबर पुढची सगळी बाळंतपणंही जातात. आई गावातून गेली तेव्हा एकटी गेली नाही, माझा आणि माझ्या भावाचा अजून न झालेला जन्मही घेऊन गेली. लोकसंख्येच्या हिशेबात स्थलांतर आणि जन्मदर वेगळ्या रकान्यांत असतात, पण तरुण बाई जिथे जाते तिथे दोन्ही रकाने एकाच वेळी हलतात.

बायकांचे आकडे

हे केवळ आमच्या घरापुरतं आहे का, हे तपासायला एक सोपा मार्ग आहे: हजार पुरुषांमागे बायका किती, तो आकडा. रत्नागिरीत १९९१ मध्ये तो १,२०५ होता. २००१ मध्ये १,१३६ झाला, २०११ मध्ये १,१२२. सिंधुदुर्गात तोच १,१३७, मग १,०७९, मग १,०३६. संपूर्ण महाराष्ट्राचा २०११ चा आकडा ९२९ आहे, हे शेजारी ठेवून बघा. कोकणात बायका जास्त म्हणून मुलींना मान जास्त, असं कौतुकाने लिहिलेलं मी वाचलंय. ते कौतुक मला पटत नाही. १,२०५ हा आकडा बायकांच्या सुखाचा नव्हता, तो पुरुषांच्या गैरहजेरीचा होता. माझ्या आजीसारख्या हजारो जणींच्या एकटेपणाचा.

आता तो आकडा खाली का येतोय? हजारामागचं प्रमाण आणि एकूण संख्या हाताशी असली की पुरुष-बायका वेगळे काढता येतात. मी वहीत मांडून बघितलं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीत पुरुष सुमारे ३३ हजारांनी घटले आणि बायका सुमारे ४८ हजारांनी. सिंधुदुर्गाचं तर याहून ठळक आहे. तिथे पुरुष २००१ मध्ये जवळजवळ ४ लाख १८ हजार होते, २०११ मध्ये ४ लाख १७ हजार. म्हणजे जवळपास तेवढेच. बायका मात्र साडेअठरा हजारांनी कमी. सिंधुदुर्गाची जवळजवळ सगळी घट बायकांची आहे.

त्याआधीच्या दशकात उलटं दिसतं. १९९१ ते २००१ मध्ये रत्नागिरीत पुरुषांची भर बायकांपेक्षा पुष्कळ जास्त पडली. त्याच्या मागे गिरण्या आहेत असं मला वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातल्या बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. पुढच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पन्नाशीतले पुरुष हिशेबाचे थोडेफार पैसे घेऊन गावी परतले. आमचे आजोबाही त्यांतलेच. परतलेला पुरुष जिल्ह्याची संख्या एकाने वाढवतो, पण त्या वयात घरात नवं बाळ येत नाही. वरून आकडा वाढलेला दिसला, आतून गाव म्हातारं होत होतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. बायका घटल्या त्या सगळ्याच मुंबईला गेल्या असं नाही. जुन्या पिढीतल्या एकट्या राहिलेल्या बायका वयोमानाने गेल्या, त्याचाही यात वाटा आहे. पण आरशाची दुसरी बाजू मुंबईत दिसते. मुंबई शहरात २००१ मध्ये हजार पुरुषांमागे ७७७ बायका होत्या, २०११ मध्ये ८३२ झाल्या. उपनगरात ८२२ च्या ८६०. एकट्या बाप्यांचं शहर हळूहळू कुटुंबांचं होत होतं. अर्थात मुंबई शहर स्वतःही याच दशकात अडीच लाखांनी घटलं. गिरणगावातल्या चाळी पाडून टॉवर उभे राहिले आणि लालबाग-परळचं कोकण डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला सरकलं. ठाणे जिल्ह्याच्या त्या ३६ टक्क्यांत आमच्या वाडीतली निदान आठ घरं आहेत.

जन्म कमी झालेच, पण

कमी मुलांचा मुद्दाही बाजूला सारता येणार नाही. महाराष्ट्रात एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतात, हा आकडा १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.९ च्या घरात होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ वर आला. आई-बापांची जागा मुलांनी भरून काढायची तर तो २.१ च्या आसपास लागतो. म्हणजे आज संपूर्ण राज्यच त्या पातळीच्या खाली आहे.

आणि मुलं कमी का झाली? मुलं जगायला लागली म्हणून. महाराष्ट्रात २००१ मध्ये जन्मलेल्या हजार बाळांपैकी ४५ बाळं पहिल्या वर्षाच्या आत दगावत होती, २०११ मध्ये २५, २०२० मध्ये १६. पणजीने नऊ जन्माला घातली कारण चार राहतील की दोन, याची तिला खात्री नव्हती. माझ्या आईला दोनांची खात्री होती.

या विषयाशी या मातीचं एक जुनं नातं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. र. धों. कर्वे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. १९२१ मध्ये, म्हणजे देशाची लोकसंख्या घटलेली असताना, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यापायी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले. भारत सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ चा, म्हणजे तीस वर्षांनंतरचा. कर्व्यांचा भर देशाच्या आकड्यापेक्षा बाईच्या शरीरावर आणि तिच्या इच्छेवर होता. लोकसंख्येच्या सगळ्या चर्चेत मला तीच बाजू अजूनही अपुरी वाटते.

पण कमी जन्माने एकट्याने उणे चिन्ह येत नाही, हे एका ढोबळ हिशेबात दिसतं. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजारी १६.७ जन्म होते आणि ६.३ मृत्यू. म्हणजे स्थलांतर शून्य धरलं तर हजारी दहाच्या वर वाढ. रत्नागिरीत म्हातारी माणसं जास्त, मुलं कमी, म्हणून आपण ती निम्मी धरू, वर्षाला हजारी पाच. तरीही १७ लाखांच्या जिल्ह्यात दहा वर्षांत ८५ हजारांची भर पडायला हवी होती. प्रत्यक्षात जवळजवळ ८२ हजारांची घट झाली. दोन्ही मिळून एक लाख सहासष्ट-सदुसष्ट हजार होतात. हजारी पाच हे मी धरलेलं गृहीत आहे, ते थोडं इकडेतिकडे होईल. पण दर दहा माणसांमागे जवळपास एक माणूस दहा वर्षांत जिल्ह्याबाहेर गेला, एवढा अंदाज त्यातून बांधता येतो.

का गेली चूल

जमिनीपासून बघू. डोंगरउतारावरची, कातळाची, तुकड्या-तुकड्यांची जमीन. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. एक पीक भाताचं, वरकस जमिनीत नाचणी-वरी. आमच्या आठ गुंठ्यांच्या एका तुकड्याच्या सातबाऱ्यावर सदतीस नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, उरलेली चार शहरांत. अशा जमिनीवर कर्ज मिळत नाही, विकता येत नाही, धड कसताही येत नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने काजू-आंबा लावला गेला आणि कित्येकांच्या हातात त्यातून पैसाही आला, पण सामायिक जमिनीत कलम लावायचं कुणी आणि आंबा उतरवायचा कुणी, हे भांडण राहिलंच.

मग एक चक्र सुरू होतं. माणसं गेली की शेतं पड राहतात. पड जमिनीत रान वाढतं. रानातून वांदर आणि डुकरं वाडीत उतरतात. चार घरांनी मिळून राखण केली असती तर पीक वाचलं असतं. एकट्या घराला ते जमत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तेही भात लावत नाही. काकीने भात सोडून सहा वर्षं झाली. ती म्हणते, "वांदरांसाठी कशाला लावू?"

शिक्षणाचं तर मला सगळ्यात जास्त टोचतं. सिंधुदुर्गाची साक्षरता २०११ मध्ये साडेपंच्याऐंशी टक्के होती. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. आणि निकालाच्या दुसऱ्या महिन्यात ती मुलं मुंबई-पुण्याच्या गाडीत बसतात, कारण शिकलेल्याला करायला गावात काम नाही. शिक्षण जन्म कमी करतं हे सगळे सांगतात. जिथे शिक्षणाला साजेसं काम नसतं तिथे ते माणसंही कमी करतं. आणि यात मुलगे एकटे जात नाहीत. बारावी झालेल्या मुलीला गावात राहणारा नवरा नको असतो. तिचं चुकत नाही. आजीचं आयुष्य तिने पाहिलेलं आहे.

रेल्वेचं थोडक्यात. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. त्याच्या आदल्या वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता. आता कोकण भरेल अशी आशा होती. झालं असं की रेल्वे आल्यानंतरच्याच दशकात माणसं घटली. रेल्वेमुळे घटली असं मी म्हणणार नाही. पण गाव एका रात्रीवर आल्यावर गाव सोडणं सोपं झालं हे खरं. पूर्वी चूल मुंबईला नेली की गाव तुटायचं. आता शुक्रवारी रात्री बसून शनिवारी सकाळी घरी पोचता येतं, म्हणून कुणाला वाटतच नाही की आपण गाव सोडलंय.

अशी घट भारतात आणखीही काही ठिकाणी त्याच जनगणनेत दिसली आणि तिथली कहाणी बरीच जवळची आहे. उत्तराखंडात पौडी गढवाल आणि अल्मोडा, केरळात पत्तनंतिट्टा आणि इडुक्की. अल्मोड्यात हजार पुरुषांमागे ११३९ बायका, पत्तनंतिट्ट्यात ११३२. सैन्यात, आखाती देशांत किंवा इस्पितळांत नोकरीला गेलेली माणसं, शिकलेली लोकवस्ती, उताराची जमीन. यातला एकही प्रदेश उपासमारीने रिकामा झालेला नाही.

घटीचे परिणाम

माणसं कमी झाली म्हणून काम कमी झालं नाही. हापूसच्या बागांची राखण आज नेपाळहून आलेली कुटुंबं करतात, मच्छीमार बोटींवरही नेपाळी खलाशी दिसतात, चिऱ्याच्या खाणींवर आणि बांधकामांवर कर्नाटकातले मजूर. म्हणजे चौथा रकाना, ‘किती आले’, हाही भरतोय. फक्त आलेल्यांचं घर इथे नाही आणि ज्यांचं घर इथे आहे ते आलेले नाहीत.

प्रतिनिधित्वाचं गणितही बदललं. मतदारसंघांची फेररचना २००१ च्या लोकसंख्येवर झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाली. खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ले ही विधानसभा मतदारसंघांची नावंच गेली. मधू दंडवते जिथून लोकसभेत जायचे तो राजापूर मतदारसंघ संपला. रत्नागिरी आणि राजापूर या दोन जागांऐवजी रत्नागिरी-सिंधुदुर्ग ही एक जागा उरली, आणि दापोली-गुहागर रायगडला जोडले गेले. ही फेररचना घट दिसण्याआधीच्या आकड्यांवरची आहे. तरी जागा गेल्या, कारण बाकीचं राज्य तेव्हाही जास्त वेगाने वाढत होतं. लोकसंख्या प्रत्यक्षात घटल्यावरची फेररचना अजून व्हायची आहे.

शाळांबद्दल फार लिहवत नाही. मी उन्हाळी सुट्टीत ज्या शाळेच्या ओट्यावर खेळलो, तिथे पहिली ते चौथी मिळून पाच मुलं होती, मग तीन, आता कुलूप आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं यावर राज्यात वर्षानुवर्षे वाद चालतो. कोकणातल्या वाड्यांना तो वाद फार जवळून ठाऊक आहे. शाळा बंद झाली की वाडीत उरलेलं एकुलतं तरुण जोडपंही देवरुखला किंवा चिपळूणला खोली बघतं. म्हणजे परिणामाचंच पुन्हा कारण होतं.

आणि याच गावांना तोच नियम लागू आहे जो उरलेल्या राज्याला: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. ज्या वाडीत दहा वर्षांत बारसं झालेलं नाही तिथे या नियमाचा अर्थ काय, हा प्रश्न विचारायला हवा. लोकसंख्या राज्याची म्हणून एक असते, पण ती वाढते-घटते गावागावात, आणि धोरण मात्र राज्याच्या सरासरीवर ठरतं. मला यात दुरुस्ती हवी आहे ती मुलं वाढवा असं सांगणारी नव्हे. बाईला किती मुलं व्हावीत हे तिला सांगण्याची सवय कोणत्याच दिशेने नको. दुरुस्ती हवी ती चुलीपाशी: सामायिक सातबारा फोडून देणं, मे महिन्याचं पाणी, तालुक्याला रात्रीचा डॉक्टर, आणि बारावी झालेल्या मुलीला घरापासून तासाभरावर पगाराचं काम. मुलगी राहिली तर वाडी राहील.

शेवटी मोजणीबद्दल, कारण आकडे कधी घेतले यावरही बरंच ठरतं. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या दिवसांत आमची वाडी वर्षातली सगळ्यात रिकामी असते. प्रगणक गेले आणि १९ मार्चला होळी पेटली. पालखी घरोघर फिरली तेव्हा बावीसच्या बावीस घरांत माणूस होता, पालखी नाचवायला खांदे कमी पडत नव्हते. दोन्ही मोजण्या खऱ्या आहेत. जनगणना विचारते की माणूस एरवी राहतो कुठे, आणि त्याचं उत्तर आमच्यातल्या बहुतेकांकडे डोंबिवली-विरार असंच आहे.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. काकीने परवा फोनवर विचारलं, मोजणारा आला तर बंद घरांतल्या सगळ्यांची नावं तिने सांगायची का. तिला ती पाठ आहेत, मुलाबाळांसकट. मी म्हटलं, "नाही काकी. तुझं एकटीचं सांग." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. पण त्याला म्हणायचं, घरं बघायची असली तर बघ. किल्ल्या माझ्याकडेच आहेत."